प्रतिवादी क्रमांक दोनचं म्हणणं

अब्बांच्या इंतिकालनंतर चाळीस दिवसांनी आम्ही त्यांची लोखंडी ट्रंक उघडली. वर शेरवानी, खाली रेशनकार्ड, जुन्या पासबुकांचा गठ्ठा आणि सगळ्यात तळाला लाल दोऱ्याने बांधलेली एक फाईल. फाईल मला ओळखीची होती. बारा वर्षांचा असताना ती मी छातीशी धरून अब्बांच्या मागे कोर्टात जायचो. आमच्या तालुक्याच्या कोर्टात वऱ्हांड्यातल्या बाकावर बसून मी शाळेचा अभ्यास करायचो आणि बेलिफाने पुकारा केला की दचकून उभा राहायचो.

दावा घराचा होता. दादांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, १९८८ साली इंतिकाल झाला. दादी त्यांच्या आधीच गेली होती. मागे राहिले दोन मुलगे आणि एक मुलगी : अब्बा, चाचा आणि फुफी. घर पाच खणांचं. १९९२ साली चाचांनी वाटपाचा दावा लावला. वादी चाचा. प्रतिवादी क्रमांक एक अब्बा. प्रतिवादी क्रमांक दोन फुफी.

तीस वर्षांनी फाईल वाचताना माझं लक्ष दोन कागदांवर थांबलं. एक होती अब्बांची लेखी कैफियत, नऊ पानांची, शेवटी प्रतिदावा जोडलेला. दुसरा कागद फुफीचा. अर्धं पान, एकच वाक्य. प्रतिवादी क्रमांक एक यांची कैफियत हीच प्रतिवादी क्रमांक दोन यांची कैफियत समजण्यात यावी, अशा अर्थाची पुरसिस. खाली उर्दूत थरथरती सही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. पण त्या अर्ध्या पानाने मला स्वस्थ बसू दिलं नाही. प्रतिदावा म्हणजे नेमकं काय, तो आला कुठून, आणि फुफीला तो करता आला असता का, हे शोधण्यात माझी दोन वर्षं गेली. त्यातून हाती लागलेला इतिहास आज तुमच्यासमोर ठेवतो.

सुरुवात शब्दांपासून करू, कारण माझा धंदा तोच आहे. ‘दावा’ अरबी. दावा करणारा तो मुद्दई, ज्याच्यावर दावा होतो तो मुद्दआ अलैह. ज्या गोष्टीचा दावा केला ती मुद्दआ, आणि तोच आपला मराठी ‘मुद्दा’. आजही न्यायाधीश दोन्ही बाजू वाचून ‘मुद्दे काढतात’, तेव्हा हा शब्द आपल्या मूळ अर्थाने वापरला जातो. ‘कैफियत’ अरबी, ‘फिर्याद’ फारसी, ‘पुरसिस’ फारसी, ‘दाद मागणे’ यातली दादही फारसी, तिचा अर्थ न्याय. आणि ‘प्रतिदावा’? त्याचं डोकं संस्कृत, धड अरबी. उर्दूत त्यालाच ‘जवाबी दावा’ म्हणतात. महाराष्ट्राच्या कोर्टात शतकानुशतकं कोण कोण शेजारी बसलं होतं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आता अर्थ. मी तुमच्यावर दावा लावला की मी तुम्हाला पाचशे रुपये दिले होते ते परत द्या. तुमच्यापुढे तीन वाटा असतात. पहिली, नकार : मी घेतलेच नाहीत. दुसरी, वजावट : घेतले, पण तुमच्याकडून मला तीनशे येणं आहे, ते वळते करा. तिसरी, प्रतिदावा : पाचशेचं राहू द्या बाजूला, तुम्ही माझा माल बुडवलात, त्याची भरपाई मलाच द्या. नकार आणि वजावट या ढाली आहेत. प्रतिदावा ही तलवार आहे. आणि प्रतिवादी दोन असतील आणि एकाला दुसऱ्याविरुद्ध काही मागायचं असेल, तर तो झाला सहप्रतिवादीविरुद्धचा दावा. त्याला आडवा दावा म्हणू या, कारण तो समोरच्यावर होत नाही, शेजारी उभ्या असलेल्यावर होतो.

उलट दावा करू द्यावा की नाही, हा प्रश्न फार जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत नियम आहे की आधी आपल्यावरच्या आरोपाचं निरसन करावं, ते होईपर्यंत उलट आरोप करू नये. अपवाद भांडण आणि मारहाणीचा. कारण सरळ आहे. उत्तर द्यायचं सोडून माणूस दुसरीच कागाळी काढतो आणि मूळ प्रश्न बुडतो. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात ‘मिताक्षरा’ लिहिली. हे कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्या सोलापूरहून फार लांब नाही. धर्मशास्त्र प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगतं : कबुली, नकार, याचा निवाडा पूर्वीच झाला आहे असं सांगणं, आणि चौथा ‘प्रत्यवस्कंदन’, म्हणजे हो, घेतले होते, पण फेडले. या चौथ्या उत्तरात सिद्ध करायचं ओझं प्रतिवादीवर येतं. जो म्हणतो ‘फेडले’, त्याने दाखवावं.

आता फिक्ह पाहा. मूळ नियम असा की पुरावा दावा करणाऱ्याने द्यावा आणि शपथ नाकारणाऱ्याने घ्यावी. हजरत अली यांना यमनला काझी म्हणून पाठवताना रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी ताकीद दिली होती की दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय पहिल्याच्या बाजूने निवाडा करू नये. हनफी ग्रंथांत दाव्याच्या प्रकरणातच ‘दफ्-ए-दावा’ नावाचा भाग येतो. औरंगजेबाच्या काळात सिद्ध झालेल्या फतावा-ए-आलमगिरीत तो आहे. पुढे १८६९ ते १८७६ या काळात अहमद जवदत पाशा यांच्या समितीने तुर्की सल्तनतीसाठी ‘मजल्ला’ ही दिवाणी संहिता तयार केली, तिच्यातही आहे. दफ् म्हणजे काय? प्रतिवादी वादीचा दावा परतवण्यासाठी जो दावा करतो तो. मी कर्ज फेडलं, तू मला ते माफ केलंस, आपली तडजोड झाली होती, हे सगळे दफ्. मजल्ला या उत्तराला ‘दावा’च म्हणते. म्हणजे ‘फेडले’ म्हणताच मुद्दआ अलैह स्वतः मुद्दई होतो आणि पुराव्याचं ओझं त्याच्या खांद्यावर जातं.

कल्याणीचे पंडित आणि इस्तंबूलचे काझी एकमेकांना ओळखत नव्हते. दोघांच्या मध्ये सात-साडेसात शतकं आणि दोन समुद्र. तरी दोघे एकाच जागी पोचले. वादी आणि प्रतिवादी हे माणसांचे शिक्के नसतात, वाक्यांचे असतात. जो जे म्हणेल, त्यापुरता तो वादी.

वजावटही फिक्हला परकी नाही. तिला ‘मुकास्सा’ म्हणतात. दोघांचं एकमेकांना एकाच जातीचं, एकाच प्रतीचं देणं असेल तर तेवढ्यापुरती दोन्ही देणी फिटतात. बाजारात बसलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

हिदाया या ग्रंथात मुद्दई कोण याची एक व्याख्या येते, ती मला फार आवडते. जो वाद सोडून जाऊ शकतो आणि ज्याला कुणी अडवत नाही, तो मुद्दई. ज्याला सोडून जाता येत नाही, तो मुद्दआ अलैह. कोर्टाच्या वऱ्हांड्यात बसलेल्या कुणालाही विचारा, ही व्याख्या किती खरी आहे ते तो सांगेल. ही व्याख्या लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपल्याकडच्या मराठेशाहीतल्या निवाड्यांत वादीला ‘अग्रवादी’ आणि प्रतिवादीला ‘पश्चिमवादी’ म्हणत, म्हणजे आधी बोलणारा आणि मागून बोलणारा. दोघांच्या तकरिरी लिहून घेत, दोघांकडून निवाडा मान्य करण्याबद्दल राजीनामा आणि जामीन घेत, गोताच्या मजलिशीत महजर होई. महजर हा शब्दही अरबी, आणि अनेक जुन्या महजरांवर काझीचं नाव सापडतं. पाटीलकी-कुलकर्णाच्या वतनाचे तंटे असत तेव्हा दोघेही तेच वतन मागत. अग्रवादीचा दावा पडला की वतन पश्चिमवादीकडे राही. जिंकणारा हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी. प्रतिदावा वेगळा लिहायची गरजच नव्हती, कारण मजलिशीपुढे सगळं भांडण एकत्रच येई.

वेगवेगळे दावे करण्याची खोड इंग्रजी कायद्याची. तिथल्या कॉमन लॉच्या कोर्टात एक दावा म्हणजे एकच प्रश्न. तुमचं त्याच्याकडे येणं असेल तर वेगळा दावा लावा. परिणाम असा की ज्याला दुसऱ्याकडून येणं होतं तोही आपल्या देण्यापायी कर्जदारांच्या तुरुंगात जाऊन बसे. १७२९ साली कर्जदारांना दिलासा देणाऱ्या कायद्यात पार्लमेंटने परस्परांची देणी वळती करायला परवानगी दिली आणि १७३५ साली ती कायम केली. म्हणजे वजावटीचा इंग्रजी कायदा तुरुंगाच्या दारात जन्मला. पण ती फक्त ठराविक रकमेच्या देण्यापुरती होती. नुकसानभरपाईसारखा, रक्कम न ठरलेला उलट दावा त्याच खटल्यात करायची मुभा १८७३ च्या ज्युडिकेचर कायद्याने दिली. तो १८७५ पासून लागू झाला.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या कायद्यांत एक सुंदर नियम होता. सरकारी कायदा नसेल तर त्या प्रदेशाची रूढी पाहावी, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा लावावा. प्रतिवादीचा, वादीचा नाही. ज्याला सोडून जाता येत नाही त्याला निदान त्याच्या कायद्याने तोला, हा त्यातला विचार असावा असं मला वाटतं.

१८५९ साली पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता आली. वजावटीला तिच्यात जागा मिळाली. १८७७, १८८२ आणि १९०८ च्या संहितांनी ती ठेवली. प्रतिदाव्याला मात्र १९०८ च्या संहितेतही नाव नव्हतं. लोक काय करत? उलटसुलट दोन दावे लावत. याचं एक उदाहरण आपल्या समाजातलं आहे आणि ते प्रत्येक मुस्लिम घरात माहीत असायला हवं.

बंगालमधल्या शम्सुन्निसा बेगम या श्रीमंत विधवेने मुन्शी बझलुर रहीम यांच्याशी निकाह केला. तिच्या मालकीचे सरकारी कर्जरोखे नवऱ्याच्या नावे झाले. पुढे तिने ते परत मिळावेत म्हणून दावा लावला. नवऱ्याने बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला. दोन्ही प्रकरणं लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली आणि १८६७ साली निकाल लागला. रोख्यांच्या बाबतीत कौन्सिलने म्हटलं की पडदानशीन बायकोच्या सहीमुळे विक्री सिद्ध होत नाही, मोबदला दिला असं नवरा म्हणतो तर ते त्यानेच सिद्ध करावं. नांदण्याच्या बाबतीत म्हटलं की नवऱ्याला असा दावा करता येतो, पण त्याचा निवाडा मुस्लिम कायद्याने होईल आणि छळ हा बायकोचा बचाव असू शकतो. एकच संसार, दोन दावे, दोन निकाल. पण ओझं कुणावर याचं उत्तर बघा : जो म्हणतो ‘मी पैसे दिले’, त्याच्यावर. कल्याणी, इस्तंबूल आणि लंडन, तिन्ही एका रांगेत.

दुसरं प्रकरण १८८६ चं, अलाहाबादचं. नवऱ्याने नांदण्याचा दावा लावला. बायकोने सांगितलं, माझा मेहर दिलेला नाही. नवऱ्याने मेहरची रक्कम कोर्टात भरली. खालच्या अपील कोर्टाने मेहर दावा लावण्याआधी दिला नव्हता म्हणून दावाच फेटाळला. पूर्णपीठापुढे न्यायमूर्ती सय्यद महमूद, सर सय्यद अहमद खान यांचे चिरंजीव, यांनी विस्तृत निकाल लिहिला. संसार एकदा सुरू झाल्यावर मेहर राहिला एवढ्यावरून नवऱ्याचा दावा पडत नाही, पण त्याला हुकूमनामा मिळेल तो मेहर चुकता करण्याच्या अटीवर. या निकालाबद्दल मतं वेगवेगळी असू शकतात, माझीही आहेत. पण प्रक्रियेच्या दृष्टीने बघा. प्रतिदावा लिहिण्याची जागा कायद्यात नसताना महमूद साहेबांनी बायकोचं येणं नवऱ्याच्याच हुकूमनाम्यात बसवलं.

स्वातंत्र्यानंतरही हा खड्डा तसाच राहिला. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने एका भागीदारीच्या वादात सांगितलं की कैफियतीत लिहिलेला प्रतिदावा कोर्ट स्वतंत्र दाव्याची अर्जी समजून चालवू शकतं. शेवटी १९७६ च्या दुरुस्तीने संहितेच्या आठव्या आदेशात नियम ६-अ ते ६-ग घातले गेले आणि १ फेब्रुवारी १९७७ पासून प्रतिदाव्याला देशभर स्वतःचं घर मिळालं.

या नियमांतल्या चार गोष्टी सामान्य माणसाने लक्षात ठेवाव्यात. एक, प्रतिदावा हा दाव्याइतकाच वजनदार असतो. त्याला कोर्ट फी लागते आणि वादीला त्यावर कैफियत द्यावी लागते. दोन, वादीने दावा सोडून दिला किंवा त्याचा दावा फेटाळला गेला तरी प्रतिदावा चालू राहू शकतो. हिदायाची व्याख्या आठवा. प्रतिदावा केला की वादीला एकट्याने उठून जाता येत नाही, तोही आता मुद्दआ अलैह झालेला असतो. तीन, मुदत. वजावट मूळ दाव्याच्या तारखेला केली असं मुदतीच्या कायद्यात मानलं जातं, पण प्रतिदावा ज्या दिवशी कोर्टात केला त्याच दिवसाचा धरला जातो. ‘आधी त्याचा निकाल लागू दे, मग माझं बघू’ म्हणणाऱ्याचं येणं दरम्यान मुदतीबाहेर जातं. चार, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुद्दे निघाल्यानंतर सहसा प्रतिदावा घेता येणार नाही. गाडी सुटल्यावर डब्यात चढता येत नाही.

आणि आडवा दावा? अमेरिकेच्या केंद्रीय कोर्टांच्या १९३८ च्या नियमांत त्याला उघड जागा आहे. तिथे त्याच व्यवहारातून निघालेला प्रतिदावा तर करावाच लागतो, न केला तर पुढे तो हक्क सहसा जातो. सहप्रतिवादीविरुद्धचा दावा मात्र ऐच्छिक. आपल्या संहितेत अशी उघड जागा नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की निव्वळ सहप्रतिवादीविरुद्ध प्रतिदावा चालत नाही. तो वादीविरुद्ध असला पाहिजे, त्याच्या जोडीने सहप्रतिवादीविरुद्ध काही मागता येईल.

इथपर्यंत वाचून मी थोडा सुटकेचा श्वास सोडला होता. वाटलं, फुफीला काही करताच आलं नसतं. ती प्रतिवादी, अब्बाही प्रतिवादी. कायद्यानेच तिचं तोंड बांधलेलं. मग माझ्या एका माजी विद्यार्थ्याला, तो आता वकिली करतो, फाईल दाखवली. तो म्हणाला, “सर, वाटपाच्या दाव्यात हे लागू होत नाही. वाटपात प्रत्येक हिस्सेदार वादीही असतो आणि प्रतिवादीही. फुफींनी कोर्ट फी भरून फक्त एवढं म्हणायचं होतं, माझा हिस्सा काढून द्या. कोर्टाला द्यावा लागला असता.”

म्हणजे तिला ना प्रतिदाव्याची तलवार हवी होती, ना आडव्या दाव्याची. एक वाक्य पुरेसं होतं. ती एकच वाक्य बोलली, पण ते दुसरंच होतं.

मी अब्बांची कैफियत पुन्हा वाचली. सातव्या परिच्छेदात लिहिलं होतं की बहिणीचं लग्न करून दिलेलं असून तिचा हिस्सा त्यात पावला आहे, सबब घराचे दोनच हिस्से व्हावेत. आणि प्रतिदावा असा की दादांच्या पश्चात अब्बांनी छपरावर वीस हजार रुपये खर्च केले, त्याचा निम्मा चाचांनी द्यावा. फुफीने जी कैफियत ‘आपली समजावी’ म्हणून सही केली, तिच्यात तिचा स्वतःचाच हक्क नाकारलेला होता. लग्नाचा खर्च वारशातून वजा होतो असं ना शरियत सांगते ना इथला कायदा. सूरह निसाने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे आणि त्यात ‘लग्न झालं नसेल तर’ अशी अट नाही.

१९९६ साली दोघा भावांची तडजोड झाली. सबंध घराची किंमत दीड लाख धरली. निम्मे पंच्याहत्तर हजार, त्यातून छपराचे दहा हजार वजा, पासष्ट हजार रुपये चाचांना देऊन अब्बांनी घर ठेवलं. १९७६ च्या ज्या दुरुस्तीने अब्बांना प्रतिदाव्याची जागा दिली, तिनेच तडजोड लेखी असावी आणि त्यावर पक्षकारांच्या सह्या असाव्यात असाही नियम केला. त्यामुळे फुफीची सही लागली. तिला बोलावलं, हक्कसोडपत्र केलं, तिने सही केली. ईदला एक साडी गेली.

एका रात्री वही घेऊन मी हिशोब मांडला. दोन मुलगे, एक मुलगी : हिस्से पाच. मुलग्यांचे दोन-दोन, मुलीचा एक. पाच खणांच्या घरात एक खण फुफीचा. दीड लाखात तिचे तीस हजार. छपराचा खर्चही त्याच प्रमाणात वाटला तर तिच्या वाट्याचे चार हजार वजा. उरले सव्वीस हजार. चाचांचे साठ हजार, त्यातून छपराचे आठ वजा, बावन्न. त्यांना मिळाले पासष्ट, म्हणजे तेरा हजार जास्त. अब्बांकडे घर राहिलं, त्यातून चाचांचे बावन्न आणि फुफीचे सव्वीस गेले असते तर त्यांच्या पदरात बहात्तर उरले असते. उरले पंच्याऐंशी. तेही तेरा हजार जास्त.

चार वर्षं एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोघा भावांनी एक गोष्ट मात्र अगदी समसमान वाटून घेतली होती : बहिणीचा हिस्सा. तेरा आणि तेरा.

अब्बा वाईट माणूस नव्हते. पाच वक्त नमाजी, दुकानात कधी मापात पाप नाही. त्यांच्या मनात फुफीबद्दल माया होती, दर उन्हाळ्यात तिची मुलं आमच्याकडेच असायची. पण हक्क आणि माया यांची वजावट होत नाही. मुकास्साची अटच आहे की दोन्ही देणी एका जातीची हवीत. फिक्हमध्ये वारसाने काही ठरलेला मोबदला घेऊन आपला हिस्सा सोडण्याला ‘तखारुज’ म्हणतात, आणि ते जायज आहे. पण तो सौदा आहे. त्यात काय सोडतो आहोत हे माहीत असावं लागतं, आणि राजीखुशी असावी लागते. साडी हा मोबदला नव्हे.

गेल्या रमजानात मी फुफीकडे गेलो. इफ्तारनंतर वही काढून तिला सगळं समजावलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “बेटा, मेरे कू मालूम था.”

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

ती म्हणाली, “दो भाई कोर्ट में खडे थे. मैं बी खडी हो जाती तो मेरा मायका किधर रहता?”

मी वर्गात मुलांना व्याकरण शिकवतो, पण या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गप्प राहणाऱ्या बायकांना आपला हक्क माहीत नसतो असा आपला समज असतो. आपण शिबिरं भरवतो, पत्रकं वाटतो. फुफीला माहीत होतं. तिने हिशोब केला होता. एका बाजूला एक खण, दुसऱ्या बाजूला माहेर. हा हिशोब करायची वेळ अब्बांवर आली नाही, चाचांवर आली नाही. भाऊ भावावर दावा लावतो, उलट दावा लावतो, तडजोड करतो आणि पुढच्या ईदला गळाभेट घेतो. बहिणीने नुसतं ‘माझं म्हणणं’ म्हटलं तरी नातं तुटतं. ही अट कुठल्या कायद्यात नाही. ती आपण घातली आहे.

कायद्याने आता काही उरलेलं नाही. हक्कसोडपत्र नोंदलेलं आहे, तडजोडीचा हुकूमनामा झालेला आहे, मुदती कधीच संपल्या. पण हुकूकुल इबाद, माणसांचे माणसांवरचे हक्क, यांना मुदतीचा कायदा लागत नाही. ज्याचं देणं आहे त्यानेच माफ केल्याशिवाय ते फिटत नाही, हे आपण प्रत्येक जनाज्याच्या वेळी ऐकतो. मय्यतवर कुणाचं काही येणं असेल तर सांगा, असं तिथे विचारलं जातं. अब्बांच्या जनाज्यालाही विचारलं गेलं होतं. फुफी आत बायकांमध्ये होती. तो प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

मी भावाशी बोललो. एका खणाची आजची किंमत काढून ती फुफीला द्यावी असं माझं म्हणणं आहे. भाऊ म्हणतो, तिने सही केली होती, मिटलेला विषय उकरू नकोस. चाचांची मुलं म्हणतात, आमचा काय संबंध. त्यांच्याही वाट्याचे तेरा हजार आहेत, हे मी त्यांना कागदावर लिहून दिलं आहे. माझ्या हातात माझा हिस्सा आहे, त्यापुरतं द्यायला मी सुरुवात केली आहे. फुफी पहिल्यांदा घेईना. मी तिला म्हटलं, हे तुला देत नाही, अब्बांचं ओझं उतरवतो आहे, आणि तू घेतलंस तरी उन्हाळ्यात तुझी नातवंडं आमच्याकडेच येणार. तेव्हा तिने पैसे पदराला बांधले.

मित्रहो, तुमच्याही घरात अशी एक ट्रंक असेल. त्यात कुठल्या तरी फुफीची, आत्याची, बहिणीची अर्ध्या पानाची पुरसिस असेल. ती काढून वाचा. आणि घरात वाटपाची गोष्ट निघेल तेव्हा वादी कोण, प्रतिवादी कोण हे ठरवायच्या आधी, जी मागे गप्प उभी आहे तिला विचारा, तुझं म्हणणं काय? आणि विचारायच्या आधी हेही सांगा, की तू काहीही म्हणालीस तरी या घराचा दरवाजा तुझ्यासाठी उघडाच राहील.